खट झालं न्हाई

विमानातल्या मालाच्या सुरक्षेतून मानवी चूक कायमची हद्दपार करण्याचा मान नगरच्या एमआयडीसीला मिळाला आहे. निदान आमच्या शेडमधल्या बॅनरवर तसं छापलं होतं. बॅनरखाली चाचणीचा सांगाडा होता, म्हणजे विमानाच्या फरशीचा नमुना. त्याच्यासमोर मंगल कार्यालयातून आणलेले पाच सोफे, आणि सोफ्यांवर विमान कंपनीचे पाहुणे. मी पॅनेलपाशी उभा होतो. सांगाड्याची वायरिंग आणि प्रोग्राम माझा, त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

मालवाहू विमानात पोती-खोकी सुटी ठेवत नाहीत. ॲल्युमिनियमच्या मोठ्या सपाट पत्र्यावर ती बांधतात. त्याला पॅलेट म्हणतात. पॅलेट रोलरवरून आत ढकललं की विमानाच्या फरशीतून एक आकडा उभा करायचा. तो पॅलेटची कड धरून ठेवतो. हे लॉक. ते लागलं नाही तर विमान वर चढताना माल शेपटीकडे घसरतो आणि तोल जातो. नंतर तक्रार करायला कुणी उरत नाही.

आम्ही या लॉकला मोटर लावली होती. लॉक पूर्ण उभं राहिलं की त्याची लोखंडी जीभ सेन्सरच्या डोक्यावर येते. सेन्सरला धातू जवळ आल्याचं कळतं आणि पॅनेलवर हिरवा दिवा लागतो.

लांडेमामा आमचे जुने फिटर. चाचण्या चालू असताना त्यांनी सांगाड्याला एक भोक पाडून घेतलं होतं आणि लॉक लागलं तरी त्यात, पॅलेटच्या कडेशी, ते हाताने एक पिन घालायचे. पुण्याहून आलेल्या सरदेसाई साहेबांना, म्हणजे आमच्या व्हाइस प्रेसिडेंटना, ते भोक दिसलं.

"हे कशाला?"

"पिनीला, सायब. लॉकनं दगा दिला तर पिन हाय."

"लांडे, ऑटोमेशन म्हणजे विश्वास."

"व्हय सायब. पन त्ये पॅलेटला बी म्हाईत पायजे ना."

डेमो झाला की भोक बुजवायचं आणि मामांना स्टोअरला पाठवायचं, असं त्याच दिवशी ठरलं. स्टोअरमध्ये नट मोजायचे असतात.

डेमोआधी पूजा झाली. आमच्याकडे पूजेशिवाय ड्रिल मशिनसुद्धा सुरू होत नाही. साहेबांनी स्वतः हळदकुंकू वाहिलं, फुलं घातली, नारळ फोडला. राहिला विडा, म्हणजे दोन पानं, सुपारी आणि रुपयाचं नाणं. सांगाड्यावर सगळीकडे रोलर, त्यामुळे विडा घरंगळायला लागला. सपाट, स्वच्छ जागा एकच होती. सेन्सरचं डोकं. साहेबांनी तिथे विडा ठेवला आणि वर झेंडू वाहिला. मी बघत होतो. छान दिसत होतं.

मग भाषण. "शून्य मानवी हस्तक्षेप!" म्हणत साहेबांनी बटण दाबलं. पॅनेलवर हिरवा दिवा होता. टाळ्या पडल्या. आता जॅकने सांगाडा तिरका करायचा, विमान वर चढताना होतं तसा. पॅलेटवर साखरेची पोती होती, एकूण एक टन. उताराच्या टोकाला सोफे.

मामा माझ्या कानाशी आले.

"सायब, खट झालं न्हाई."

"दिवा हिरवा आहे, मामा."

"दिवा हाय. खट न्हाई. लॉक उभं राह्यलं की खट व्हतं. रोज आयकतो मी."

"काय चाललंय तिकडे?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही सर," मी म्हणालो. नोकरीत हे वाक्य मी सगळ्यात जास्त वापरलं आहे.

मामांनी कुणाला विचारलं नाही. खिशातून पिन काढली, सगळ्या पाहुण्यांसमोर भोकात सरकवली आणि बाजूला झाले. साहेबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की स्टोअरसुद्धा जवळचं वाटावं.

जॅक चढला. पॅलेट चार बोटं सरकलं आणि पिनीवर आदळलं. ठण्ण. पोती पुढे कलली. पहिल्या सोफ्यावरच्यांनी पाय वर घेतले.

"हे आपलं सेकंडरी लॉक," साहेब क्षणात म्हणाले. पाहुण्यांनी ते लिहून घेतलं.

पाहुणे जेवायला गेल्यावर मी फुलं उचलली. लॉक फरशीत आडवं झोपलेलं होतं. पानांमधून सेन्सरला रुपया कळला होता. प्रोग्रामने हिशोब केला की लॉक आधीच उभं आहे, मग मोटर कशाला फिरवायची? त्याने मी सांगितलं होतं तेच केलं. नंतर मी प्रोग्राम बदलला; आता मोटर फिरण्याआधीच दिवा हिरवा दिसला तर भोंगा वाजतो. हे मला आधी सुचलं नव्हतं, कारण आधी मी विडा हिशोबात धरला नव्हता.

"विडा कुणी ठेवला होता?" साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं. कुणालाच आठवेना.

मामांना मेमो मिळाला, विनापरवानगी हस्तक्षेपाबद्दल. मेमोसोबत स्टोअरही मिळालं. पंधरा दिवसांनी विमान कंपनीचं पत्र आलं. यंत्रणा पसंत आहे, अट एकच. सेकंडरी लॉक प्रत्येक ठिकाणी हवं, आणि ते माणसानेच लावून बघायचं.

मामा परत शेडमध्ये आले. मेमो फाइलला राहिला. डिझाइनवाल्यांनी पिनीचं ड्रॉइंग केलं, 'द्वितीय स्तर मालरोधक' असं नाव दिलं आणि मामांना विचारलं, मूळ पिन कुठली?

"कोल्हारची. आमच्या उसाच्या ट्रॉलीची. मागचा फाळका बंद ऱ्हायला लावतो ती."

यातून मी शिकलो ते एवढंच, की सेन्सरला धातू कळतो, लॉक कळत नाही.

मूळ पिन आता रिसेप्शनला काचेच्या कपाटात आहे. त्या हंगामात मामांच्या ट्रॉलीचा फाळका काथ्याने बांधलेला होता.