जागेश्वरने बंद पाडलेला सिनेमा

आंधळगावात सध्या वार्ता अशी, की माजी फौजी जागेश्वरने सव्वीस जानेवारीला दारूच्या नशेत समाजमंदिरातला पडदा फाडला. मी त्याचा शेजारी. त्याच्या घरच्या फोडणीवरून मी भाजी ओळखतो, मग दारू लपेल का? जागेश्वर दारूला शिवत नाही. पडदाही शाबूत आहे. त्याने फक्त प्लग उपटला आणि कोणी परत लावू नये म्हणून वायर गुंडाळून बुडाखाली घेतली. नशा होती ती रागाची, अन् ती त्याला नुसतं पाणी पिऊनही चढते. आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा त्याच्या दारासमोरून रांगेत जातात.

झालं असं. झेंडावंदन आटोपल्यावर अश्विनच्या तरुण मंडळाने खिडक्यांना ताडपत्र्या लावून युद्धाचा सिनेमा सुरू केला. पुढच्या खुर्चीवर पुष्पाबाई, सत्काराचे शाल-नारळ मांडीवर. तिचा मुलगा सेवकराम जागेश्वरबरोबरच फौजेत भरती झाला होता. सीमेवर तोफगोळा पडला, त्यात गेला. जागेश्वर सुटीवर आला तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, "अखेरले काय बोलला रे?"

"काहीच नाही, मावशी. टाइमच नाही भेटला."

त्या खऱ्यावर ही बाई इतकी वर्षं उभी आहे.

सिनेमात मात्र वेळच वेळ! छातीत गोळ्या घेऊन शिपाई आईला निरोप सांगतो, मग गातो, मग पुन्हा निरोप. आता आमच्या झाडीपट्टीचं तुम्हाला ठाऊकच आहे. नाटकात मरण आवडलं की ‘वन्स मोअर’ द्यायचा, आणि नटाने उठून पुन्हा मरायचं. पोरांनी सवयीने शिट्ट्या मारल्या, "वन्स मोअर!" अन् त्या दीडशहाण्या अश्विनने खरंच सिनेमा मागे नेऊन पुन्हा लावला. शिपाई पुन्हा मेला. आणखी एकदा मरायला टेकला, तोच पुष्पाबाई मागे वळली.

"जागेश्वर, माहा सेवकबी असंच काही बोलला असंल ना रे? तू माह्यापासून लपवून ठेवलं काय?"

तेव्हा प्लग निघाला.

"काका, देशभक्तीचा सिनेमा हाय जी!" अश्विन ओरडला.

"हे देशभक्ती? बुढीच्या काळजात आग लावून राहिले, अन् वरून शिट्ट्या मारता? लाज नाही वाटत? मरनाले वन्स मोअर देता!"

मी हळूच जागेश्वरच्या कानाशी लागलो. "सांगून टाक ना बे एखादा निरोप. बुढीच्या जिवाले बरं वाटंल."

"मेलेल्याच्या तोंडात माहे शब्द कोंबू? काहून? या सिनेमावाल्यानं कोंबले, तेवढे कमी पडले काय?" त्याच्या कानशिलाची शीर अशी उडत होती की मी दोन खुर्च्या मागे सरकलो.

मग तो वायर बुडाखाली घेऊनच पुष्पाबाईच्या पायाशी जमिनीवर बसला. आवाज अजून रागातच होता.

"मावशी, निरोप नाही दिला त्यानं. सकाळपासून वरनाले शिव्या देऊन राहिला होता. म्हने, हे वरन हाय का भांडे धुतलेलं पानी? मी हासलो अन् पानी आनाले गेलो. मांगं वळून पायतो, तं काहीच नव्हतं. एवढंच हाय. याच्यापेक्षा जास्त कोनी सांगन, तं तो लबाड."

पुष्पाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"वरनाले नावं ठेवून राहिला होता?" ती म्हणाली. "मंग माहाच पोरगा तो." शाल अंगावर ओढली आणि कोणाचा हात न धरता घरी गेली.

मंडळाची पोरं जागेश्वरवर अजून फुगून आहेत. तो त्यांच्याहून दुप्पट फुगून आहे. मला मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून विचारलंच, "काय जागेश्वरभाऊ, तुमच्या हिशेबानं युद्धाचा एखादा तरी सिनेमा पास होते का नाही?"

त्याने बादली आदळली आणि म्हणाला, "जो पाहून तुह्यासारख्या तोंडाळ मानसाचं तोंड घरी पोचेपर्यंत उघडत नाही, तो पास. आता सरक, गाईले पानी पाजू दे."