सगळ्यांना सगळं खुलं

तो हेडक्लार्क आठवला की अजूनही माझं डोकं फिरतं. त्याच्या मागोमाग मला मीच आठवतो, तेव्हा जास्तच फिरतं.

दोन हजार सालानंतर कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात संगणक आले. त्यांची देखभाल माझ्याकडे होती. कुणाला काय उघडता यावं, हे मी ठरवायचं. प्रवेशाचे अर्ज भरणाऱ्या हंगामी क्लार्क मुलीला फक्त अर्ज, परीक्षा विभागाला फक्त गुण. मी तसं केलंही. तर हेडक्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, तडकले.

"सगळ्या कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडं हायत. आनि ह्या डबड्यात मलाच मज्जाव व्हय?"

त्यांना सगळं खुलं केलं. मग परीक्षेचे क्लार्क रुसले, मग ग्रंथपाल. अधिकार कमी म्हणजे मान कमी, असा हिशेब. शेवटी वैतागून मी सरसकट सगळ्यांनाच सगळं देऊन टाकलं. त्या मुलीलाही.

ती सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन स्वतःच्या नावाने संगणक सुरू करायची. मग दिवसभर ज्याला हवं तो तिच्या खुर्चीत बसायचा. ती नसली तरी अडत नसे, कारण तिचा पासवर्ड शिपायापासून सगळ्यांना तोंडपाठ होता. भाऊसाहेब तर तो भर ऑफिसात ओरडून विचारत.

एका विद्यार्थ्याचे गुण वाढवलेले सापडले. बदल कुणी, कधी केला याची संगणकात नोंद होती. नाव तिचं.

"सर, त्या दिवशी मी जोतिबाला गेलते की," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. मी मस्टर काढलं. रजा होती. ते घेऊन तडक प्राचार्यांकडे गेलो. भाऊसाहेब तिथेच बसले होते.

"रजा असू दे," ते म्हणाले. "पासवर्ड तिनं सांभाळायचा हुता."

मला त्यांची गचांडी धरावीशी वाटली. तेवढ्यात प्राचार्यांनी मला विचारलं, "गुण बदलायचा अधिकार तिला होता का?"

"होता."

"कुणी दिला?"

"मी."

तिला काढलं. गुण कुणी वाढवले, हे शोधायची तसदी कुणी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मी कुणालाही न विचारता सगळ्यांचे अधिकार कामापुरते करून टाकले. अर्धा दिवस लागला. भाऊसाहेबांनी चकार शब्द काढला नाही, आणि त्याचाच मला भयंकर संताप आला.

आठवड्याने ती आपली कागदपत्रं न्यायला आली. "सर, मी अर्जच भरत होते," ती म्हणाली. "मग गुणांचं मला कशाला दिलंसा?"

माझ्यामागची कटकट मिटावी म्हणून, हे मला तिला सांगवलं नाही.