भाकरीच्या ठेक्यावरचा धडा

शनिवारी पालकांसमोर प्रत्येक मुलाला वाचायला लावणार, आणि ज्याला जमणार नाही त्याला वाचनाच्या तासाला पहिलीच्या वर्गात बसवणार, असा शाळेचा निरोप आला. त्या दिवसापासून दुसरीतल्या माझ्या नातीचं पोट दुखायला लागलं. दुखायचं फक्त सकाळी, दप्तर दिसलं की.

"पहिलीत बसवलं तर मी शाळेतच जाणार न्हाई बघ, आज्जी."

ही बोलते तसं करते. हट्ट माझ्याकडूनच उचललाय.

"घाबरतीस काय? तुझी आज्जी मास्तरीण होती की!" मी छाती फुगवून म्हणाले. म्हणाले खरी.

कसली मास्तरीण होते तेही सांगते. आमच्या शाळेच्या भिंतीला लागून टॉवेलचे यंत्रमाग होते. दिवसभर खटक-खट, खटक-खट. बरीच पोरं विणकरांची, घरी तेलुगू बोलणारी; मराठी पुस्तक उघडलं की गप्प व्हायची. मी बावीस वर्षांची, वेणीत गजरा आणि डोक्यात हवा. मागाच्या ठेक्यावर मी धडे म्हणायला लावले. महिन्याभरात अख्खा वर्ग धडाधड वाचायला लागला. एक पोर अडखळेल तर शपथ! शेजारच्या वर्गातल्या बाईंना मी मुद्दाम बोलावून ऐकवायचे.

मग एक दिवस तपासणीला साहेब आले आणि नेमकी लाईट गेली. माग थांबले. वर्गही थांबला. साहेबांनी बोट पानावर ठेवावं आणि पोरानं भिंतीकडे बघावं. तर मी काय म्हणावं?

"साहेब, लाईट नाही ना, म्हणून वाचेनात."

बाहेर सोलापूरचं भर दुपारचं ऊन. साहेबांनी एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा माझ्या गजऱ्याकडे.

एवढी शोभा होऊनही मी नातीला तसंच शिकवायला घेतलं, कारण दुसरं मला येतंय कुठं? संध्याकाळी भाकरी थापायला बसले की तिला पुस्तक घेऊन समोर बसवायचे. शब्दाला एक थाप, चाल जात्यावरच्या ओवीची, बोट अक्षराखाली. पहिले दोन दिवस ती शब्दाशब्दाला अडायची. ती अडली की माझा हात अडायचा, पीठ सुकायचं, भाकरीला चिरा पडायच्या.

"आत्या, ह्या भाकरीचा नकाशा झालाय," सून म्हणायची.

गुरुवारी मात्र भाकऱ्या गोल गरगरीत, टम्म फुगलेल्या. सून खूश. "आज कसा हात लागला बघा तुमचा!"

मी चपापले. भाकरी चांगली झाली म्हणजे पोर कुठं अडलीच नव्हती. मान वर करून बघते तर ती डोळे मिटून डोलत पाठ म्हणतेय, आणि बोट धड्यातल्या बकरीच्या चित्रावर.

नवं पान उघडून समोर धरायचं, की वाचता येतंय का ते लगेच कळलं असतं. शुक्रवारी दोनदा पुस्तक हातात घेतलं, दोनदा खाली ठेवलं. येत नाही असं कळलं असतं तर एका दिवसात मी काय करणार होते? म्हातारी झाले तरी भित्री ती भित्रीच. रात्रभर कानात माग चालू होते.

शनिवारी वर्गात बाईंनी पुस्तक घेतलं आणि आम्ही कधीच न उघडलेलं पान काढलं. नातीनं माझ्या हातांकडे पाहिलं. हात थापायला शिवशिवत होते. मी ते मांडीखाली दाबून त्यावर बसले.

तिनं ओवीची चाल धरली. मागे कुणीतरी खुसखुसलं. तीन शब्द सुरात गेले आणि चौथ्याला चाल तुटली. मला पुन्हा ते ऊन दिसायला लागलं.

तिनं बोट मागे नेलं. "र... रस्... रस्त्या... रस्त्यावर." मग सुटलेली चाल उचलून पुढे गेली. ओळभर गेली, पुन्हा अडली. पुन्हा बोट मागे.

तेव्हा कुठं मी श्वास सोडला. पाठ असलेलं पोर असं मागे फिरत नाही. माझा तो वर्ग कधी अडला नाही, आणि त्याचाच मला केवढा तोरा! ही अडत होती, म्हणजे कागदाकडे बघत होती.

"सावकाश वाचते, पण वाचते," बाई म्हणाल्या. "राहू दे दुसरीतच. रोज नवं पान घ्या मात्र, आज्जी. आणि ही चाल कुठली हो?"

"घरचीच आहे," मी म्हणाले. भाकरीचं काही सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी नवं पान उघडलं. सुनेनं ताटातली भाकरी उचलून उजेडात धरली. "आत्या, परत नकाशा?"

"खा गुमान," मी म्हणाले. "लई चांगली भाकरी हाय ती."