उंदरांचं बोलायचं नाही

मी कॅन्टीनमध्ये शिरले की शेजारची टेबलं गप्प होतात. ही तक्रार नाही, माझ्या नोकरीचा नियमच तसा आहे. मरोळला एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात मी आकडेवारीचं काम करते. वरच्या मजल्यावर उंदरांवर नवी औषधं तपासतात, मोजमापं खाली माझ्याकडे येतात आणि औषधाने खरंच फरक पडला की तो नुसता योगायोग, हे मी सांगायचं. उंदरांचे दोन गट, अ आणि ब. एका गटाला औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं काहीतरी बिनकामाचं. कोणाला काय मिळालं ते एका कपाटात कुलूपबंद असतं. आकडे हातात आले, कुठले धरायचे आणि कुठले सोडायचे हे ठरलं, हिशेब झाला, की मगच ते कपाट उघडायचं. तोवर माझ्या कानावर उंदरांविषयी एक अक्षर पडता कामा नये. माणसाचं मन लबाड असतं हो. कोणी सहज म्हणालं की ब गट काय मस्त उड्या मारतोय, तर माझा हात नकळत ब कडे झुकायला वेळ लागणार नाही.

म्हणून वरच्या मजल्यावरची मंडळी मला पाहिलं की अळीमिळी गुपचिळी. आता उंदीर सोडून जगात दुसरे विषय नाहीत का? पण या लोकांना दुसरं काही बोलताच येत नाही, त्याला मी काय करू!

घरीही बोलायला कोणी नाही. बाबा गिरणीत होते. गिरणी गेल्यावर त्यांनी दहिसरला चाळीत खोली घेतली, पुढे चाळ पाडून टॉवर झाला आणि आता त्या टॉवरमध्ये वर कुठेतरी मी एकटी राहते. आई होती तोवर भांडायला तरी माणूस होतं. मी रविवारी कॉम्प्युटर उघडून बसले की ती मालवणीत करवादायची, "आकडे काय कालवणात घालून खातलस गो?" ती गेल्यापासून मला एकटं वाटतं. सरळ सांगते, उगाच कशाला लपवा? कुकरच्या शिट्ट्या ऐकून बरं वाटावं, इतकं एकटं वाटतं.

आमचं कॅन्टीन शाकाहारी. डब्यात मासळी आणणाऱ्यांनी कोपऱ्यात, हात धुवायच्या नळाजवळच्या टेबलावर बसायचं. तिथे बसणारी मी एकटीच होते. एके दुपारी वरच्या मजल्यावरची एक शास्त्रज्ञ आपला डबा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "सुकट आहे ना गं? वासावरून आले. सरक जरा."

मी सरकले. तिच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता. माहेर बीडकडचं, राहायला घाटकोपरला. दुसऱ्या दिवशी ती परत आली, आणि मग येतच राहिली. ती मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची, माझ्या डब्यातलं न विचारता उचलायची. मुलीचं गणित, सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मेट्रोत शेजारच्या बाईशी झालेलं भांडण, सगळं माझ्यापुढे ओतायची. एकदा सुट्टीच्या दिवशी मला ओढून मनोरीला घेऊन गेली. मार्व्याहून फेरीबोटीत चढताना तिने भीतीने माझा हात घट्ट पकडला होता. त्यावरून तिला मी खूप चिडवलं. कितीतरी वर्षांत माझा हात कोणी धरला नव्हता, हे काही मी तिला सांगितलं नाही.

उंदरांचं मात्र आम्ही बोलायचो नाही. तो नियम माझा, आणि नियमाच्या बाबतीत मी नाकावर माशी बसू देत नाही.

तिचं स्वतःचं एक मलम होतं. मधुमेह झालेल्या माणसाची जखम लवकर भरून येत नाही, त्यासाठीचं. तिच्या वडिलांचा पाय अशाच एका जखमेपायी कापावा लागला होता. तेव्हापासून हिच्या डोक्यात हे एकच. कित्येक वर्षं ती त्यामागे होती. या वेळी साहेबांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, निकाल नीट आला तर पुढे, नाहीतर मलम बंद. आकडे अर्थातच माझ्याकडे येणार होते. हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, आणि दोघीही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो.

प्रयोग सुरू असताना एके दुपारी ती उशिरा जेवायला आली. चेहरा उतरलेला. बसता बसताच म्हणाली, "अगं, ते नवीन आलेत ना, त्यातले दोन..."

"श्श! उंदरांचं बोलायचं नाही."

"ऐक तर यार."

"जेव गुपचूप." मी माझ्या डब्यातला तळलेला बांगडा उचलून तिच्या भाकरीवर ठेवला. ती माझ्याकडे बघून हसली आणि जेवायला लागली. नंतर आम्ही तिच्या मुलीच्या शाळेबद्दल बोललो.

पुढे आकडे आले. मी हिशेब केला, सही केली, मग कपाट उघडलं गेलं. मलम अ गटाला लावलं होतं. अ गटातल्या बहुतेक उंदरांच्या जखमा भरभर भरल्या होत्या. पण दोन उंदीर असे होते की त्यांच्या जखमा जशाच्या तशा. त्या दोघांनी घोडं अडवलं. ते धरले तर हा फरक योगायोगानेही पडू शकला असता, आणि त्यापलीकडे मला काही म्हणता येत नव्हतं.

ती जिना उतरून माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतलं. "ते दोन काढ ना. आले तेव्हापासूनच मरतुकडे होते गं. खात नव्हते, कोपऱ्यात पडून असायचे."

"मग कपाट उघडायच्या आधी सांगायचंस. मी दोन मिनिटांत काढले असते. आता ते तुझ्या मलमाचे निघाले, आता कसे काढू?"

ती अगदी हळू म्हणाली, "सांगत होते. तू बांगडा वाढलास."

ती दुपार मला आठवली.

खरं तर हे तिने तेव्हाच लिहून द्यायला हवं होतं. आजारी उंदीर वगळायचा तर कारण लिहायचं, सही करायची, तीही तो कुठल्या गटातला हे माहीत नसताना. हे तिलाही पाठ होतं. पण वर धावपळ चाललेली, तिने विचार केला असेल की दुपारी हिला सांगू, ही बघेल काय ते. मैत्रीण होते ना मी! अनोळखी बाई असते तर तिने मुकाट्याने लिहून पाठवलं असतं.

"तेव्हा मलाही माहीत नव्हतं ते कुठल्या गटातले," ती म्हणाली. "शपथ. तुझा माझ्यावर विश्वास आहे की नाही, तेवढं सांग."

"तुझ्यावर आहे गं. पण तो मी आकड्यांत कुठे मांडू?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला स्वतःलाच ते ऐकवेना. ती उठली. दार उघडताना पाठमोरीच म्हणाली, "बरोबर आहे तुझं." रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी अहवाल लिहिला. फरक सिद्ध होत नाही, हे वर. तळाशी मी दोन ओळी घातल्या, की हे दोन उंदीर आधीपासून अशक्त असल्याचं नंतर सांगण्यात आलं, ते वगळले तर चित्र वेगळं दिसतं, प्रयोग पुन्हा करून बघावा. त्याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं. मुद्दाम वर जाऊन साहेबांनाही तेच तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, पहिली ओळ काय म्हणते?" पहिली ओळ मीच लिहिली होती. मलम बंद झालं.

आजही कोणी तसेच आकडे माझ्यापुढे ठेवले तर मी तेच लिहीन. मला त्यात तिळमात्र शंका नाही. आणि तरी मला त्या बांगड्याचं वाईट वाटतं, भयंकर वाटतं.

त्यानंतर ती आमच्या टेबलावर आली नाही. मी रोज थोडं जास्तच आणत होते. ती नोकरी सोडत असल्याचं मला लिफ्टमध्ये दुसऱ्याच कोणाकडून कळलं. तिच्या शेवटच्या दिवशी मी पहाटे उठून बांगडे तळले, दोन. म्हटलं, आज तरी येईल. नाही आली तर आपण जाऊन देऊ, त्यात काय एवढं?

कॅन्टीनमध्ये शिरले तर ती मधल्या टेबलावर, वरच्या मजल्याच्या सगळ्यांबरोबर बसली होती. तिचं ते मोठ्याने हसणं मला दारातूनच ऐकू आलं. मी डबा घेऊन त्यांच्याजवळ गेले आणि सवयीप्रमाणे सगळे गप्प झाले. ती पण.

आता तिचे उंदीर संपले होते. कपाट कधीच उघडून झालं होतं. माझ्यापासून लपवावं असं तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

"अहो बोला ना," मी म्हणाले. "उंदरांचंच बोला की!"

कोणी हसलं नाही. ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. मी नळाजवळच्या टेबलावर जाऊन बसले, डबा उघडला आणि दोन्ही बांगडे मीच खाल्ले.