कोटात गूळ मावला पाहिजे

आमचे नाना एसटीत उभ्याने जाताना कशालाही धरत नसत. पाय फाकवून, हात पाठीमागे बांधून मधल्या वाटेत उभे राहायचे. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की सगळी एसटी पुढे कोसळायची आणि नाना तेवढे जागच्या जागी डुलायचे. "ह्यो काय धक्का हाय व्हय?" म्हणत पडलेल्यांना उचलायला लागायचे. नाना म्हणजे माझे चुलत सासरे, मामंजींचे धाकटे भाऊ. साताऱ्यात आमच्या शेजारच्याच घरात राहायचे. जिथे गल्लीगणिक एक सुभेदार सापडतो, तिथून हा एकटा गडी उठून नौदलात गेला. तोही आचारी म्हणून. आयुष्य पाण्यावर काढलं, पण नदीत घोट्याच्या पुढे कधी उतरले नाहीत.

कुठलाही निर्णय घ्यायचा झाला की नाना आधी दारात यायचे. डोळे मिटून उजवा गाल पुढे करायचे, मग डावा. "वारं खालनं हाय. आज पापड न्हाई घालायचं." पापडाचं एक वेळ समजू शकते. पण दिराला बघायला मुलीकडचे येणार होते तेव्हासुद्धा त्यांनी गाल पुढे केला होता. बऱ्याचदा त्यांचं चुकायचं, पण इतक्या ठामपणे चुकायचं की चूक वाऱ्याची वाटावी. मी अगदी नवी सून असल्यापासून विचारत आले, "आवं नाना, गालाला नक्की कळतं काय?" उत्तर ठरलेलं. "ज्याला कळतंय त्याला कळतंय."

माझी लेक परदेशात बाळंत होणार होती, तेव्हाची ही गोष्ट. जावयाची नोकरी पाळ्यांची, घरात तिसरं माणूस नाही आणि ऐन हिवाळा. मी पन्नाशी ओलांडलेली, पण स्वतःला भलतीच हुशार समजणारी. दोन स्वेटर आणि एक शाल घेऊन निघणार होते. लेक फोनवर रडकुंडीला आली. "आई, इथे दवाखान्यापासून भाजीपर्यंत सगळं चालत करावं लागतं. तुला घराबाहेर पडता आलं नाही, तर मला तुझी आणखी एक काळजी." त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तिच्या मदतीला चालले होते की तिच्या गळ्यात पडायला?

म्हणजे कोट हवा. पण कसला? कोपऱ्यावरच्या सुभेदारांनी सांगितलं, "वहिनी, फुगीर जाकीट घ्या, बर्फात तेच कामाचं." मी साताऱ्यातल्या दुकानात ते घालून पाहिलं, तर आरशात एक गुंडाळलेली गादी उभी. मला आपला गुलाबी कोट हवा होता. गुडघ्यापर्यंतचा, कमरेला पट्टा असलेला, टीव्हीवरच्या बाईसारखा. माझी कमर आणि टीव्हीवरच्या बाईची कमर यांत काही फरक असेल, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. नाना दारात आले, त्यांनी दोन्ही गाल पुढे केले आणि जाहीर केलं, "आरमारी कोट. जाड लोकरीचा, निळा. दुसरं काय न्हाई."

"नाना," सुभेदार म्हणाले, "तुमी सगळी नोकरी कोचीनच्या दर्यावर घाम पुसत काढली. थंडीचं आमाला इचारा की."

खोटं नव्हतं. नानांची बोट एकदाच कुठल्याशा गारठलेल्या बंदराला लागली होती, आठवडाभर. तेवढ्या भांडवलावर ते जन्मभर थंडीवर बोलत आले होते. पण त्या बंदरात खलाश्यांच्या अंगावर जे कोट पाहिले, ते त्यांच्या मनातून गेले नव्हते. "वारं आत शिरायला फट न्हाई गं त्येला," एवढंच म्हणायचे.

असा कोट साताऱ्यात मिळेना. सांगलीत नानांच्या ओळखीचे एक चाचा होते. नवरदेवांचे कोट आणि बँडवाल्यांचे पोशाख शिवायचे, शिवाय परदेशातून आलेल्या जुन्या कोटांचे गठ्ठे फोडून, दुरुस्त करून विकायचे. नानांनी लेकीची सगळी हकीकत सांगितली, तरी चाचांनी पहिलाच कोट काढला तो सोनेरी बटणांचा. मी तो घातला आणि आरशात बघितलं. फक्त क्लॅरिनेट हातात द्यायचं बाकी होतं. "ताई, वरातीत लय शोभंल," चाचा गंभीरपणे म्हणाले.

मग गठ्ठ्यातून तो निळा कोट निघाला. रुंद कॉलर, पुढे बटणांच्या दोन रांगा, प्रत्येक बटणावर नांगर. नानांनी आतल्या शिवणीतून एक धागा उपसला आणि खिशातली काडेपेटी काढून दुकानातच पेटवला.

"आवं नाना! दुकान जाळताय काय?" चाचा ओरडले.

"वास घे," नानांनी तो धागा माझ्या नाकाखाली धरला. "केस जळल्यावानी येतोय? मग लोकर. प्लॅस्टिकावानी आला असता तर पळालो असतो."

मी कोट चढवला. बाह्या बोटांच्या पुढे गेल्या, खांदे उतरले आणि पुढच्या बाजूला आणखी एक बाई सहज मावली असती. "नाना, हा तर तुमच्या मापाचा आहे," मी म्हणाले. मनात आलं, म्हाताऱ्याला स्वतःलाच कोट हवाय. आणि कुणा परक्याचा उतरलेला कोट घालून मी विमानात बसू? नाना बाहेर गेले आणि गुळाची लहानशी ढेप घेऊन आले. सांगलीला येऊन गूळ न घेता परतणं आमच्यात बसत नाही, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. नवल पुढे होतं.

"ही छातीशी धर. आता बटनं लाव."

"कोटाच्या आत? गूळ?"

"लाव म्हणतो न्हवं."

मी लावली. गिऱ्हाइकं गोळा झाली. एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती. चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी नानांना हळूच विचारलं, "कितवा महिना ताईंच्या पोरीला?"

"आठवा सरला."

"मग बसतंय बरोबर," चाचा म्हणाले.

आणि मी, बी.ए. झालेली शहाणी, ढेप कवटाळून मनाशी म्हणत होते, बटणं तुटतात का ते बघताहेत वाटतं. तेवढ्यात नानांनी सगळी बटणं सोडली आणि उलट्या बाजूने लावून दाखवली. "दोन रांगा उगाच न्हाईत. वारं जिकडनं येतंय, तिकडची बाजू वर घ्यायची." मला उजवं-डावं काही उमगलं नाही. अस्तराला गुळाचा डाग तेवढा पडला.

परतीच्या एसटीत मी फुगून बसले होते. नाना नेहमीसारखे जागा असूनही उभे. कराडच्या पुढे ते एकदम म्हणाले, "माझी पोरगी झाली तवा मी बोटीवर. घरला आलो तर ती अंगणात पळतीया. मला बघून भ्याली, रडाय लागली. तान्हं पोर कसं असतंय, मला म्हाईतच न्हाई गं. तू येळंत चाललीयास." मी बाजूला सरकले. त्या दिवशी पहिल्यांदा नाना एसटीत बसले.

तिकडे नात झाली. तिला घेऊन दवाखान्यात पहिल्यांदा जायचं होतं आणि बाहेर वारा असा, की शाल असती तर शेजारच्या देशात गेली असती. लेकीने बाळ माझ्या छातीशी बांधलं. मी वरून कोट घातला आणि बटणं लावली. लागली. नुसती टोपी वर दिसत होती. रस्त्यात उभी राहून मी मोठ्याने हसले. जावयाला वाटलं, सासूबाईंना थंडी बाधली. घरी येऊन साताऱ्याला फोन केला.

"नाना, गूळ मावला."

पलीकडून नाना म्हणाले, "ढेप वजनाला भरतीया न्हवं?"

परत आले तेव्हा कोट आधी धुवायला टाकणार होते. नाना आडवे आले. त्यांनी कॉलर नाकाशी धरली. तिथे दूध ओकल्याचा आंबूस वास होता. गाल पुढे करताना मिटायचे तसे त्यांनी डोळे मिटले. "धुऊ नगंस. ऱ्हाऊ दे थोडं दिस माज्याकडं," म्हणाले. वास अगदी उडून गेला तेव्हा त्यांनी कोट नीट घडी करून परत आणून दिला.

नाना आता नाहीत. यंदा डिसेंबरात नात साताऱ्याला आली. माझ्या डोक्यावरून बघते आता. कपाटातला कोट तिने अंगात घातला, तिला तो अगदी मापात बसला. "आजी, हा मुळात कोणाचा?" तिने विचारलं. कुणा खलाश्याचा, नानांचा, माझा की तिचा? मी तिला अस्तरातला डाग तेवढा दाखवला.

"आणि बटणं कुठल्या बाजूने लावायची?"

मी दारात गेले. डोळे मिटून उजवा गाल पुढे केला, मग डावा. वारा कुठून येतो ते मला आजही कळत नाही.

"डावीकडून," मी ठामपणे सांगितलं.