मामांचा हिरवा पट

मोबाइलवर बुद्धिबळ खेळताना माणसाला किती गोष्टींची धास्ती वाटू शकते हे ज्याला पाहायचं असेल, त्याने कोथरूडला येऊन माझ्या बायकोच्या मामांना भेटावं. समोरच्याच्या वजिराला ते भीत नाहीत, भितात ते ॲपच्या अपडेटला. पट हिरवाच हवा, कारण तपकिरी पटावर काळा उंट दडून बसतो. सोंगट्या सपाट हव्यात, उभ्या, सावल्यांच्या सोंगट्या दिसल्या की "हे बुद्धिबळ आहे की लग्नातलं रुखवत?" असं विचारतात. सोंगटी सरकत गेलेलीही चालत नाही, एकदम त्या घरात उमटली पाहिजे. "सरकता सरकता मध्येच अडकली तर जबाबदार कोण?" आणि पटाशेजारचं घड्याळ त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून लपवून घेतलं. ते दिसलं की त्यांच्या छातीत धडधडतं.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, एवढ्याच गुन्ह्याबद्दल ही सगळी कामं माझ्या गळ्यात पडली. एकदा ऐन मीटिंगमध्ये फोन आला. "अहो जावईबापू, पट उलटा झालाय. काळी मोहरी खाली आलीत."

"मामा, या डावात तुमची काळी आहेत. आपली खालीच दिसतात."

"माझी असोत नाहीतर त्याची, पांढरी खालीच हवीत. घरात काही रीत आहे की नाही?"

'तो' म्हणजे सांगलीचा त्यांचा कॉलेजातला मित्र. दोघांचा डाव वर्षानुवर्षं चालू, एक संपला की दुसरा. एका चालीला तीन दिवस मिळतात. तेवढ्यात चाल केली नाही की डाव हरला. मागच्या महिन्यात मामांचा फोन आला, "ते घड्याळ दिसायला लावा. लगेच या." आवाज ऐकून मी कंपनीच्या बसची वाटही पाहिली नाही, रिक्षा केली.

मित्राच्या मुलाचा फोन येऊन गेला होता. मेंदूत रक्तस्राव झालेला, माणूस दवाखान्यात बेशुद्ध. मी घड्याळ दाखवलं. मित्राच्या नावापुढे पावणेदोन तास उरले होते.

"याला वेळ वाढवून देता येत नाही?"

मी सगळे मेनू उलटेपालटे केले. मामा माझ्या खांद्यावरून बघत होते आणि दर मिनिटाला "मिळालं?" म्हणत होते. असं बटणच नव्हतं.

"वेळ संपली की काय होईल?"

"तुम्ही जिंकाल. आपोआप."

मामांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच हार पत्करून डाव सोडून दिला. मी जवळजवळ ओरडलोच, "अहो मामा, तुमचा एक हत्ती जास्त होता!"

"तो तिथे नळ्या लावून पडलाय, आणि हे यंत्र त्याला हरला म्हणणार? मला नाही चालत."

"पण असं जिंकवलंत हे कळल्यावर चिडतील ते."

"चिडेल ना. शुद्धीवर आला की पहिली शिवी मला घालेल." त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. "घालू दे. मी वाटच बघतोय."