आम्ही सगळ्यांना कावीळ सांगितली

डॉक्टर बाईंनी ‘डिप्रेशन’ म्हटलं, तेव्हा मी आधी मागे वळून दार नीट लागलंय का ते पाहिलं. माझी पंधरा वर्षांची मुलगी प्रणाली शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिच्याकडे मी नंतर पाहिलं.

डिप्रेशन म्हणजे नैराश्य. बाईंनी सांगितलं, हा रुसवा नाही, आळस नाही, वयाचा परिणाम म्हणून सोडून द्यायची गोष्टही नाही. मन आजारी पडलं की झोप, भूक, अभ्यास, सगळंच आजारी पडतं. प्रणालीने त्यांना सांगितलं होतं की सकाळी उठावंसं वाटत नाही, आणि कधी कधी आपण नसतो तर बरं झालं असतं असंही वाटतं. आम्ही रोज एका ओळीत जेवायला बसतो. मला याचा पत्ता नव्हता.

पत्ता नव्हता म्हणणंही खोटंच. दहावीची सहामाही झाल्यापासून रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल निघालं. रिपोर्ट हातात घेऊन मी तिच्या आईला, वंदनाला, म्हणालो होतो, “काहीच नाही. शाळा बुडवाले नाटक करून राह्यली.” पोरगी दारात उभी होती. तिने ऐकलं. त्यानंतर तिने पोट दुखतं म्हणणंही बंद केलं आणि मला वाटलं, बरी झाली.

डॉक्टरांनी दर आठवड्याला काउन्सेलिंग सांगितलं. काउन्सेलिंग म्हणजे समुपदेशन. त्यातलं शिक्षण घेतलेली ताई मुलीशी एकांतात बोलते. मुलीच्या जिवाला धोका वाटला तर आईबापाला सांगते, एरवी तिचं बोलणं तिच्यापाशीच ठेवते. मी लगेच विचारलं, “कागदावर काय लिहिता?” डॉक्टर म्हणाल्या, “मुलीला बरं वाटावं म्हणून काय करायचं, ते आधी विचारा ना.”

मी एसटीत कंडक्टर. मेडशीपासून वाशिमपर्यंत अर्धा रस्ता मला ओळखतो, आणि त्या दिवशी हीच ओळख नडली. मी रजा टाकून, साधे कपडे घालून, दुसऱ्या डेपोची गाडी धरली होती. तरी कंडक्टर ओळखीचा निघालाच. “पोरीले घेऊन कुठं गेलते?” त्याने विचारलं. माझ्या तोंडून निघालं, “कावीळ झाली तिले.” प्रणाली खिडकीबाहेर पाहत होती.

आम्ही घरी पोचेपर्यंत कावीळ गावात पोचली होती. कोणी उसाचा रस आणला, कोणी मुळ्याचा पाला. येणारा जाणारा तिच्या पापणीखाली बोट लावून डोळे पाहायचा. घरात फोडणी बंद झाली. “कावीळ तुमी आणली अन् फिकं मी रांधू?” वंदना म्हणाली. पण तिनेही रांधलं. लाज दोघांचीही होती. मानसिक रोगाच्या डॉक्टरकडे पोरगी नेली हे कळलं तर लोक वेडी म्हणतील, उद्या सोयरीक जुळणार नाही, असे हिशेब आम्ही दोघंही करत होतो.

मग इंझोरीहून माझी बहीण आली. ती एका म्हाताऱ्याला घेऊन आली, तो कावीळ उतरवायचा. इथे सांगायला हवं की आमचं घर गंडेदोरे न मानणारं. दर रविवारी आम्ही विहारात बुद्धवंदनेला जातो. कावीळ उतरवणारा आधी हाताला झाडाच्या सालीचा रस चोळतो आणि मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो, पाणी पिवळं होतं, लोक म्हणतात रोग निघाला. कोणाचेही हात धुतले तरी पाणी पिवळं होतं. विहारातल्या बालशिबिरात हा प्रयोग मीच पोरांना करून दाखवला होता. पहिल्या ओळीत प्रणाली बसली होती.

आता तीच प्रणाली माझ्या अंगणात पाटावर बसली. मी अडवलं नाही. अडवलं असतं तर मग झालंय काय, ते सांगावं लागलं असतं. तिने दोन्ही हात परातीत घातले आणि सगळा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. पाणी पिवळं झालं. बहीण डोळे पुसत म्हणाली, “निघाली माय एकदाची.” मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

त्यानंतर प्रणाली काउन्सेलिंगला जायची, पण बोलायची नाही. ताईने मला आत बोलावलं. “ती नुसती बसून जाते, आज कुठे दोन वाक्यं बोलली. एक गोष्ट तुम्हाला सांगायला तिने परवानगी दिली आहे. ती म्हणते, माझा आजार इतका वाईट आहे की पप्पांना त्यापेक्षा चुन्याचं पाणी चाललं.” मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “‘मी नसते तर बरं’, हे ती आज पुन्हा म्हणाली. ही गोष्ट मी लपवू शकत नाही. तिला एकटी ठेवू नका. आणि ती बोलली नाही तर माझा इलाज चालणार नाही.” डॉक्टरांनी त्या दिवसापासून गोळ्याही सुरू केल्या. मी बाहेरच्या बाकावर बसून रडलो. लोक पाहत होते, पाहू दिलं.

रविवारी विहारात बुद्धवंदना संपल्यावर कोणीतरी विचारलं, “उतरली का पोरीची कावीळ?” मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “कावीळ नव्हतीच. तिले डिप्रेशन हाय. मी खोटं बोललो.” आपण मोठं काम केलं असं मला वाटलं. वळून पाहिलं तर प्रणाली उठून बाहेर गेली होती.

मी मागे गेलो. ती चप्पल घालत होती. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतला एक माणूस घाईने आला आणि हळूच म्हणाला, “भाऊ, आमच्या पोरीचंबी असंच होऊन राह्यलं. त्या डॉक्टरचा पत्ता द्या. पण लोकायले काय सांगाव?”

मी तोंड उघडायच्या आत प्रणाली बोलली. “काका, ते तिले विचारा. मले कोणी विचारलं नाही. कावीळ सांगताना नाही, अन् आताबी नाही.”

जोड्याने मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. लपवलं तेही माझ्या लाजेसाठी आणि उघड केलं तेही माझंच मन हलकं करायला. तिचा आजार मी दोन्ही वेळा आपलाच समजून वापरला.

घरी जाताना मी विचारलं, “आता कोणी विचारलं तर काय सांगू, बाई?”

ती म्हणाली, “सांगजा, बरी होऊन राह्यली. अन् काय झालतं असं विचारलं, तर मले हाक मारजा. मी सांगीन, नाहीतर नाही सांगनार.”

पुढच्या खेपेला ती ताईंशी बोलली. काय बोलली ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारलं नाही. औषधं अजून सुरू आहेत. काही सकाळी अजूनही जड जातात. त्या डॉक्टर बाईंचे आणि ताईंचे उपकार मी विसरणार नाही. ज्यांच्या घरात लेकरू गप्प झालंय त्यांना एवढंच सांगतो, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून लेकराला खोटं पाडू नका.

हे लिहून झाल्यावर मी प्रणालीला हाक मारली. तिने शांतपणे सगळं वाचलं, एक परिच्छेद खोडला आणि म्हणाली, “हे माझं हाय. बाकी राहू द्या.”